लायपोसोमल औषधाची व्हायल हलवायची की नाही?

खडकवासला_पाणी | सोमवार, रात्री ९:०५

पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या केमो डे-केअरमध्ये किंवा आयसीयूत नॅनोकणांची तीन औषधं हमखास भेटतात: बुरशीवरचं लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन बी, आणि कर्करोगावरची दोन, लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन आणि अल्ब्युमिनला बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल. तिन्हींच्या खोक्यातल्या चिठ्ठ्या शेजारी ठेवून वाचल्या की डोकं गरगरतं. एक म्हणते जोरात हलवा, दुसरी म्हणते फेस येऊ देऊ नका. एकीला सलाईन वर्ज्य, दुसरीला सलाईनच हवं. एकीत फिल्टर लावायचा, दुसरीत लावायचा नाही. नियम पाठ असलेले पुष्कळ भेटतात, कारण सांगणारे कमी. कारणांसकट लिहाल का? आणि 'औषध थेट गाठीवर जाऊन पोचतं' छापाच्या जाहिरातींचं काय, तेही येऊ दे.

पाषाणकर | सोमवार, रात्री ९:४०

जाहिरातीपासून सुरुवात करतो, बाकीचं त्यावरच उभं आहे.

कणाला पत्ता वाचता येत नाही. शिरेतून सोडलेल्या कणाचं पुढे काय होणार हे बरंचसं त्याचा आकार आणि पृष्ठभाग ठरवतात. साधारण ६ नॅनोमीटरच्या आतला असेल तर मूत्रपिंडाच्या गाळणीतून लघवीवाटे निघून जातो. २०० च्या वर गेला की प्लीहा अडवते. यकृतातल्या कुप्फर पेशी तर जे दिसेल ते गिळायलाच बसलेल्या असतात. म्हणून शिरेतून द्यायचे बहुतेक औषधी कण ५० ते १५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात बनवतात.

आता गाठ. १९८६ मध्ये मात्सुमुरा आणि माएदा या जपानी संशोधकांनी दाखवलं की गाठीतल्या घाईघाईने वाढलेल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात आणि तिथला निचराही वाईट असतो, त्यामुळे मोठे रेणू तिथे साचतात. उंदरात हे झकास दिसतं. पण २०१६ मध्ये आधीच्या १० वर्षांतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांचा एकत्र हिशोब झाला, तेव्हा गाठीत पोचलेल्या मात्रेचा मध्यक निघाला ०.७ टक्के. टोचलं १०० मिलीग्रॅम, तर गाठीत १ मिलीग्रॅमसुद्धा नाही. बराचसा माल यकृत आणि प्लीहेच्या खात्यात जमा.

मग एवढा खटाटोप कशाला? डॉक्सोरुबिसिन मोकळं दिलं की काही मिनिटांत रक्तातून ऊतींमध्ये पसरतं, हृदयाच्या स्नायूतही शिरतं. आयुष्यभराची एकूण मात्रा प्रति चौरस मीटर ४५० ते ५५० मिलीग्रॅमच्या पुढे गेली की हृदय निकामी होण्याचा धोका झपाट्याने चढतो. तेच औषध ८० ते १०० नॅनोमीटरच्या लायपोसोम नावाच्या फुग्यात कोंडलं तर हृदयातल्या केशवाहिन्यांच्या घट्ट भिंतीतून तो फुगा सहज पार होत नाही. अ‍ॅम्फोटेरिसिनचंही तसंच, तिथे वाचतं ते मूत्रपिंड. माझ्या मते या औषधांची खरी कमाई औषधाला नको तिथे जाऊ न देण्यात आहे. निशाण्यावर बसण्याची गोष्ट विक्रीला बरी.

अवांतर: लायपोसोम म्हणजे स्निग्ध रेणूंच्या दुहेरी पापुद्र्याचा फुगा, आत पाणी. १९६० च्या दशकात केंब्रिजजवळ बाब्राहमला अ‍ॅलेक बँगहॅम यांनी तो पहिल्यांदा ओळखला. अमेरिकेत डॉक्सिलला (लायपोसोमल डॉक्सोरुबिसिनचं व्यापारी नाव) परवानगी मिळाली १९९५ मध्ये. मधली तीसेक वर्षं फुगा टिकवायला शिकण्यात गेली.

ठिबक_ठिबक | सोमवार, रात्री १०:२०

अ‍ॅम्फोटेरिसिनची कृती लिहिते. मात्रा डॉक्टर ठरवणार. साधारण ३ ते ५ मिलीग्रॅम प्रति किलो, म्युकरमध्ये (काळी बुरशी) ५ ते १०. ६० किलोचा रुग्ण आणि ५ मिलीग्रॅम धरून चला, म्हणजे दिवसाला ३०० मिलीग्रॅम, ५० च्या ६ व्हायल.

प्रत्येक व्हायलमध्ये १२ मिली इंजेक्शनचं निर्जंतुक पाणी. फक्त पाणी. घातल्या घातल्या ३० सेकंद जोरात हलवायचं, हात दुखेपर्यंत. पिवळसर, दुधट, एकजीव दिसायला हवं. कण दिसले तर पुन्हा हलवायचं. आता प्रत्येक मिलीत ४ मिलीग्रॅम आहे आणि पावडरीने घेतलेल्या जागेसकट व्हायलमध्ये साडेबारा मिली भरतं. सहांचे झाले ७५ मिली.

सिरिंजला ५ मायक्रॉनचा फिल्टर लावून हे ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये सोडायचं. दर व्हायलला नवा फिल्टर. पैसे वाचवायला एकच फिल्टर सहा व्हायलना वापरला की तो तुंबतो, मग जोर लावून ढकलतात आणि तो फाटतो. २२५ मिली डेक्स्ट्रोज घेतलंत तर एकूण ३०० मिली, मिलीला १ मिलीग्रॅम. हिशोबही डोक्यात राहतो. सुरुवातीला २ तासांत द्यायचं. पातळ केल्यापासून ६ तासांच्या आत ठिबक सुरू व्हायला हवं.

लाईनमध्ये आधी दुसरं काही चालू असेल तर डेक्स्ट्रोजने धुऊन घ्या. सगळ्यात जास्त चूक होते ती इथेच. पिशवी डेक्स्ट्रोजची, पण नळीत मघाचं एनएस (साधं सलाईन) शिल्लक, आणि वाय-जोडापाशी पिवळा गाळ. लाईनमध्येच फिल्टर बसवायचा असेल तर त्याची छिद्रं १ मायक्रॉनपेक्षा बारीक नकोत.

रोज क्रिएटिनिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम. मूत्रपिंडाला त्रास कमी म्हणजे शून्य नव्हे. पोटॅशियम हमखास उतरतं.

चिंचवडचा_चिवडा | सोमवार, रात्री १०:३५

मिठाने काय होतं नक्की? ग्लुकोज चालतं आणि मीठ नाही, हे विचित्र वाटतं.

लिपिडवाला | सोमवार, रात्री ११:०२

या लायपोसोमात डीएसपीजी नावाचं ऋणभारित लिपिड असतं. सगळ्या कणांवर ऋणभार, म्हणून ते एकमेकांपासून लांब राहतात. मिठाचे आयन त्या भाराभोवती गर्दी करून तो झाकतात. दुरावा संपला की कण चिकटतात आणि गाळ बसतो. ग्लुकोजला भारच नाही, त्यामुळे ते कुणाच्या मध्ये पडत नाही, शिवाय ५ टक्क्यांना त्याचा परासरण दाब रक्ताच्या जवळपास असतो, म्हणजे फुगा फुगतही नाही की आक्रसत नाही.

जोरात हलवायचं कारण वेगळं. पावडरीत लायपोसोम साखरेच्या काचेत अडकलेले असतात: एका व्हायलमध्ये ५० मिलीग्रॅम औषधाला तब्बल ९०० मिलीग्रॅम सुक्रोज. पाणी पडताच कण झटकन सुटे झाले नाहीत तर गुठळ्या धरून बसतात. अ‍ॅम्फोटेरिसिन आतल्या पाण्यात नसून पापुद्र्यातच घट्ट रुतलेलं असतं, म्हणून हलवल्याने ते सांडत नाही.

ठिबक_ठिबक | सोमवार, रात्री ११:१५

इथे एक मोठा इशारा. वर लिहिलेली कृती सुकवलेल्या पावडरीच्या व्हायलची आहे. मुंबईचं केईएम आणि दिल्ली विद्यापीठ यांच्या कामातून आपल्याकडे तयार झालेलं एक लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन सलाईनमध्येच द्रवरूप येतं आणि वापरण्याआधी ४५ मिनिटं सॉनिकेटरमध्ये ठेवावं लागतं. औषधाचं नाव तेच, वागणूक उलटी. म्हणून खोक्यावरचं 'लायपोसोमल' वाचून थांबू नका, त्याच खोक्यातली चिठ्ठी वाचा.

दुसरा इशारा जिवाचा आहे. साधं अ‍ॅम्फोटेरिसिन, डीऑक्सिकोलेटवालं, त्याचीही व्हायल ५० मिलीग्रॅमचीच. त्याची कमाल मात्रा दीड मिलीग्रॅम प्रति किलो. लायपोसोमलचे ५ प्रति किलो या साध्या औषधाचे गेले तर हृदय आणि श्वास थांबू शकतो. २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या लाटेत जे मिळेल ते आणलं जात होतं, तेव्हा ही भीती सगळ्यात मोठी होती. सदाशिव पेठेतून आणलेल्या खोक्यावर 'लायपोसोमल', 'लिपिड कॉम्प्लेक्स' की 'डीऑक्सिकोलेट' हे दोघांनी मोठ्याने वाचून खात्री करावी.

कर्वे_रोड_ओपीडी | मंगळवार, सकाळी ७:५०

पॅक्लिटॅक्सेलचं मी सांगतो. हे पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. जुन्या इंजेक्शनात ते एरंडेलापासून केलेल्या क्रेमोफोरमध्ये असायचं, आणि अ‍ॅलर्जीच्या झटक्यांमागे बऱ्याचदा तो क्रेमोफोरच असायचा. म्हणून आधी स्टिरॉइड वगैरेचा फौजफाटा. २००५ मध्ये आलेल्या प्रकारात ते मानवी अल्ब्युमिनबरोबर सुमारे १३० नॅनोमीटरच्या कणांत बांधलंय. क्रेमोफोर गेला.

अल्ब्युमिन म्हणजे प्रथिन, अंड्याचा पांढरा डोळ्यासमोर आणा. फेटलं की फेस, आणि फेसाच्या पृष्ठभागावर प्रथिन उलगडून तंतू होतात. म्हणून १०० मिलीग्रॅमच्या व्हायलमध्ये २० मिली सलाईन, तेही निदान १ मिनिट घेऊन, धार काचेच्या भिंतीवरून उतरवत. पावडरीच्या ढेपेवर थेट धार मारली की फेस झालाच समजा. मग ५ मिनिटं तशीच ठेवायची. अगदी तशीच, मध्ये उचलून बघायचं नाही. ढेप भिजली की २ मिनिटं हळूहळू गोल फिरवायची किंवा उलटी-सुलटी करायची. फेस झालाच तर १५ मिनिटं बसू द्या. शेवटी दुधासारखं दिसतं, मिलीला ५ मिलीग्रॅम. रिकाम्या पिशवीत काढून तसंच द्यायचं, आणखी पातळ करायचं नाही. स्तनाच्या कर्करोगात प्रति चौरस मीटर २६० मिलीग्रॅम, ३० मिनिटांत.

मात्रा जुन्या पॅक्लिटॅक्सेलच्या हिशोबाने बदलून वापरता येत नाही. दोन वेगळी औषधं समजा.

खडकवासला_पाणी | मंगळवार, सकाळी ८:३०

वा! म्हणजे शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर: अ‍ॅम्फोटेरिसिनची पावडर हलवा, अल्ब्युमिनवालं फिरवा. डॉक्सोरुबिसिनचं राहिलं.

लिपिडवाला | मंगळवार, दुपारी १:१०

ते तयारच येतं, लालसर गढूळ. पारदर्शक लाल दिसलं तर ते साधं डॉक्सोरुबिसिन, थांबा. ९० मिलीग्रॅमपर्यंतची मात्रा २५० मिली डेक्स्ट्रोजमध्ये, त्यावर ५०० मिलीत. लाईनमध्ये फिल्टर नाही. सुरुवात मिनिटाला १ मिलीग्रॅमने. पहिल्याच वेळी पाठ दुखणं, चेहरा लाल होणं, छाती आवळणं असं काही रुग्णांना होतं. रक्तातली 'कॉम्प्लिमेंट' नावाची संरक्षक प्रथिनं कणांना जंतू समजून उसळतात. प्रतिपिंडांच्या नेहमीच्या अ‍ॅलर्जीहून हे वेगळं आहे. बऱ्याचदा ठिबक थांबवून पुन्हा मंद सुरू केलं की निभावतं.

आत औषध कसं भरतात ते या क्षेत्रातलं मला सर्वात सुंदर वाटणारं रसायन आहे. रिकामा लायपोसोम २५० मिलीमोलर अमोनियम सल्फेटमध्ये बनवायचा, म्हणजे लिटरला ३३ ग्रॅम. मग बाहेरचा सल्फेट काढून सुक्रोज आणायचं. आतल्या अमोनियमपैकी थोडा अमोनिया होऊन पापुद्र्यातून निसटतो आणि प्रोटॉन मागे राहतो, आत आम्लता वाढते. बाहेर सोडलेलं डॉक्सोरुबिसिन भाररहित रूपात आत शिरतं, आत प्रोटॉन पकडून भारित होतं, सल्फेटबरोबर स्फटिक धरतं. बाहेर यायची वाट बंद. ९० टक्क्यांहून जास्त औषध आत जातं. थंड करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर प्रत्येक फुग्यात एक लांबट स्फटिक, अगदी कॉफीच्या बीसारखा दिसतो.

कर्वे_रोड_ओपीडी | मंगळवार, दुपारी २:००

बाहेरून पीईजीचा (पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या लांब साखळ्यांचा) झुपका असल्याने हे कण दिवसेंदिवस रक्तात फिरतात, अर्धायु साधारण ५५ तास. त्याची किंमत हातापायांच्या त्वचेला मोजावी लागते. जिथे दाब, घर्षण, उष्णता, तिथल्या केशवाहिन्यांतून कण झिरपतात. तळवे लाल, सोलपटलेले, कधी फोड. ठिबकनंतरचे काही दिवस घट्ट चप्पल नको (नवी कोल्हापुरी तर मुळीच नको), कडकडीत गरम पाण्याने भांडी किंवा आंघोळ नको, टाळ्यांचं भजनही जरा बाजूला ठेवा. मलम लावताना चोळू नका. हृदय वाचवताना तळवे गेले, हा सौदा रुग्णाला आधीच सांगावा.

द्वितीय_वर्ष_एमफार्म | मंगळवार, रात्री ८:४५

डॉक्सोरुबिसिनच्या याच रेसिपीवर प्रोजेक्ट चालू आहे. एचएसपीसी (पापुद्र्याचं मुख्य लिपिड), कोलेस्टेरॉल, पीईजी-लिपिड. पातळ थर पद्धत, हायड्रेशन ४५ अंशांना, मग १०० नॅनोमीटर छिद्रांच्या पडद्यातून एक्स्ट्रूजन (दाबाने ढकलणं). आकार ३४० येतो, पीडीआय (आकारांतल्या फरकाचा आकडा) ०.४५, आणि पडदा सारखा फाटतो. औषधभरण ४० टक्क्यांवर अडकलंय.

लिपिडवाला | मंगळवार, रात्री ९:३०

४५ अंश हेच दुखणं आहे. एचएसपीसी साधारण ५२-५३ अंशांना मऊ होतं. त्याखाली पापुद्रा मेणासारखा कडक, तो पडद्याच्या छिद्रातून वाकून जाणार कसा? दाब वाढतो, पडदा फाटतो, आणि फाटला की दाब अचानक उतरतो म्हणून 'आता छान चाललंय' असं वाटतं. पाणी, फ्लास्क, एक्स्ट्रूडरचा ठोकळा, सिरिंजसुद्धा, सगळं ६० ते ६५ अंशांवर हवं.

५ मिलीसाठी: एचएसपीसी ४८, कोलेस्टेरॉल १६, पीईजी-डीएसपीई १६ मिलीग्रॅम, क्लोरोफॉर्ममध्ये. गोल बुडाचा फ्लास्क मोठा घ्या, थर पातळ हवा. थर जाड असेल तर आतलं लिपिड भिजतच नाही. रोटाव्हेपरनंतर रात्रभर व्हॅक्यूममध्ये, नाहीतर उरलेला क्लोरोफॉर्म पापुद्रा गळका करतो. हायड्रेशन ६५ अंशांना तासभर. एक्स्ट्रूजन थेट १०० ने नको: आधी ४००, मग २००, मग १००. शेवटच्या पडद्यातून ११ वेळा. विषम आकडा यासाठी की शेवटी माल पलीकडच्या सिरिंजमध्ये यावा. सम आकड्याला तो जिथून निघाला त्याच सिरिंजमध्ये परततो, जिथे एकदाही न गाळलेले मोठे फुगे चिकटलेले असतात.

भरण ४० टक्के म्हणजे बाहेरचं अमोनियम सल्फेट पुरतं गेलेलं नाही. डायलिसिसचं (सूक्ष्म छिद्रांच्या पिशवीतून बाहेरचं मीठ धुण्याचं) पाणी किती वेळा बदललंत? निदान ३ वेळा बदला, १०० पट घनफळ घ्या. बाहेरून १० टक्के सुक्रोज, हिस्टिडिनने पीएच ६.५. मग १० मिलीग्रॅम डॉक्सोरुबिसिन, ६० अंशांना १ तास, आणि लगेच बर्फात. डायलिसिस झाल्यावर दोन दिवस ठेवून मग औषध घातलंत तर आम्लतेचा उतारही ओसरलेला असतो. त्याच दिवशी उरका.

पाषाणकर | मंगळवार, रात्री १०:०५

मापनाबद्दल दोन गोष्टी. डीएलएस (कणांवरून विखुरलेल्या प्रकाशाने आकार मोजायची पद्धत) प्रकाशाच्या तीव्रतेवर चालतं आणि या आकारांत ती व्यासाच्या साधारण सहाव्या घाताने वाढते. १००० नॅनोमीटरचा एक धुळीचा कण १०० नॅनोमीटरच्या सुमारे दहा लाख कणांइतका चमकतो. त्यामुळे ३४० हा आकडा तुमच्या लायपोसोमचा नसून क्युव्हेटमधल्या धुळीचाही असू शकेल. पातळ करायचं पाणी ०.२२ मायक्रॉनमधून गाळून घ्या, क्युव्हेट झाकून ठेवा, तापमान स्थिरावायला २ मिनिटं द्या, आणि नमुना दुधट नको, किंचित धूसर हवा. पीडीआय ०.२ च्या आत आल्याशिवाय सरासरी आकाराला अर्थ नाही.

दुसरं, भरणाचा टक्का. डॉक्सोरुबिसिनला सेफाडेक्स जी-५० चा (आकारानुसार वेगळं करणाऱ्या जेलचा) कॉलम पुरतो: लायपोसोम आधी उतरतात, मोकळं औषध मागे रेंगाळतं, दोन लाल पट्टे डोळ्यांना दिसतात. पण न विरघळणारं औषध असेल, हळदीतल्या कर्क्युमिनसारखं, तर वेगात सेंट्रिफ्यूज करून 'तळाशी बसलं ते सगळं आत' असं धरू नका. मोकळं कर्क्युमिनही स्फटिक होऊन तळाशीच बसतं. ९५ टक्के भरणाचे कित्येक दावे असेच निपजतात. आधी मंद वेगात फिरवून स्फटिक खाली बसवा, मग वरचा भाग मोजा.

गुळवेल_काढा | बुधवार, सकाळी ६:१५

आपल्या सुवर्णभस्मात हेच तर आहे. शेकडो वर्षांपूर्वीचं नॅनो. आणि दुकानात नॅनो हळदीच्या कॅप्सूलही मिळतात, त्या घ्याव्यात का?

पाषाणकर | बुधवार, सकाळी ९:२०

भस्मात नॅनो आकाराचे स्फटिक सापडतात, हे खरं. पण ते एकमेकांना चिकटून मोठे गोळे झालेले असतात आणि त्यात दुसरं औषध कोंडलेलं नसतं. वाहक आणि बारीक पूड या दोन गोष्टी वेगळ्या. कॅप्सूलचं म्हणाल तर तोंडावाटे गेलेल्या साध्या लायपोसोमची गाठ आधी जठरातल्या आम्लाशी, मग पित्तक्षार आणि लायपेजशी पडते. साबणाने तूप धुतात तसा पित्त तो पापुद्रा मोडतं. एखाद्या उत्पादनाने रक्तातली पातळी मोजून दाखवली असेल तर बोलू. खोक्यावरचा 'नॅनो' शब्द म्हणजे मोजमाप नव्हे.

चिंचवडचा_चिवडा | बुधवार, सकाळी १०:००

आणि लसी? हिंजवडीच्या जेनोव्हाची लसही यातच येते ना?

लिपिडवाला | बुधवार, दुपारी १:३०

जून २०२२ मध्ये आपत्कालीन परवानगी मिळालेली जेमकोवॅक-१९, देशातली पहिली एमआरएनए लस. सुकवलेली असल्याने २ ते ८ अंशांवर टिकते, आपल्याकडच्या फ्रिजांच्या दृष्टीने हीच मोठी गोष्ट.

एमआरएनएच्या नेहमीच्या लिपिड कणांत मात्र फुगा नसतो, आत भरीव गर असतो. चार लिपिडं इथेनॉलमध्ये: आयनित होणारं, डीएसपीसी, कोलेस्टेरॉल आणि पीईजी-लिपिड, मोलच्या प्रमाणात ५० : १० : ३८.५ : १.५ च्या आसपास. एमआरएनए पीएच ४ च्या बफरमध्ये. पाण्याचे ३ भाग, इथेनॉलचा १, बारीक वाहिनीत मिलिसेकंदांत मिसळायचे. हाताने पिपेटने मिसळलं तर दर बॅचला आकार वेगळा. आम्लात ते पहिलं लिपिड धनभारित असतं म्हणून एमआरएनए पकडतं, रक्तातल्या ७.४ ला भार सोडतं, पेशीने गिळल्यावर आतल्या आम्लात पुन्हा भारित होऊन पिशवी फोडतं. तरी सुटका थोड्यांचीच: अशाच कणांतल्या एसआयआरएनएवर (जनुक गप्प करणारा छोटा आरएनए) मोजलं तेव्हा १ ते २ टक्के बाहेर पडलेलं दिसलं.

२०१८ मध्ये आलेल्या पॅटिसिरान या एसआयआरएनए औषधात यकृताचा अडथळाच वाट झालाय. रक्तातलं एपीओई हे चरबी वाहणारं प्रथिन कणावर बसतं, यकृतपेशी त्याला कोलेस्टेरॉलची गाडी समजून आत घेते. औषधाला जायचं होतं यकृतातच.

ठिबक_ठिबक | बुधवार, रात्री ९:००

फ्रिजांवरून आठवलं, वाहतुकीचं कुणी लिहिलंच नाही. मे महिन्यात पारा चाळिशीला असतो, नातेवाईक डिकीत व्हायल टाकून निघतात, उन्हाची भीती म्हणून वर डीप फ्रीझरमधला बर्फाचा पॅक थेट चिकटवतात. डॉक्सोरुबिसिनच्या लायपोसोमला हा पॅकही घातक ठरू शकतो. पॅक उणे २० चा असतो. आतलं पाणी गोठलं की बर्फाचे स्फटिक पापुद्रा फाडू शकतात आणि औषध बाहेर येऊ शकतं.

पॅक फ्रीझरमधून काढून बाहेर ठेवा, त्यावर पाणी सुटू दे. कानाशी हलवून बघा, आत खळखळ ऐकू आली की तो शून्यावर आला. मग व्हायलच्या खोक्याभोवती पुठ्ठा किंवा टॉवेल, मग पॅक, आणि सगळं थर्माकोलच्या डब्यात. डिकीत नको, पायापाशी किंवा पिशवीत.

चिंचवडचा_चिवडा | बुधवार, रात्री ९:२०

गोठून पुन्हा वितळलेली व्हायल ओळखायची कशी?

ठिबक_ठिबक | बुधवार, रात्री ९:३५

नुसत्या डोळ्यांनी नाही ओळखता येत. रंग तोच, गढूळपणाही जवळपास तोच दिसू शकतो, पण आतलं औषध आता मोकळं असू शकेल. गोठल्याचा संशय असेल तर ती व्हायल बाजूला काढायची, तिच्यावर तसं लिहायचं आणि फार्मसीला परत करायची. महाग आहे म्हणून 'बघू' म्हणत लावायची नाही.